सासूबाई नेमक्या कोणत्या गाडीत बसल्या

आमच्या जुन्या गाडीतून गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना बाहेर काढायला त्या दिवशी नवरा, मी, फिजिओथेरपिस्टकडचा शिपाई आणि शेजारच्या दुकानात पडद्याचं कापड घ्यायला आलेले एक अनोळखी गृहस्थ एवढी मंडळी लागली. गृहस्थ मनाने फार चांगले होते. पण कपाट जिन्यातून उतरवताना म्हणतात तसं ते "हां, तिरकं घ्या, थोडं तिरकं घ्या," असं म्हणत राहिले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

सासूबाई म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या निवृत्त मेट्रन. जन्मभर माणसं उचलायचे हुकूम त्यांनी दिलेले. त्यांना कोणी उचललं असेल तर त्या पाळण्यात असतानाच. त्यांनी त्या गृहस्थांचे नीट आभार मानले, त्यांच्या शर्टाचं बटण तुटलंय हेही लक्षात आणून दिलं, आणि घरी आल्यावर वॉकर भिंतीला लावून जाहीर केलं, "आता मी त्या गाडीत बसणार नाही. माझं अजून फर्निचर झालेलं नाही."

आम्हाला वाटलं, राग आहे, उतरेल. पण त्या खरंच बाहेर पडेनात. फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागला. तो म्हणे, गुडघा उत्तम आहे, आता हिंडाफिरायला हवं. सासूबाई म्हणत, "हिंडते की. खिडकीपर्यंत." आधी त्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्यातल्या चुका काढायच्या. मग तेही बंद झालं. वर्तमानपत्र उघडं असायचं आणि पान उलटलेलं नसायचं. हे बघवत नव्हतं.

तेव्हा गाडी बदलायची ठरली. जुनी गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसत नाहीत, उतरतात. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या. ज्या गाडीला मोठं व्हायचं होतं, पण पार्किंग मिळणार नाही हे कळल्यामुळे जी मध्येच थांबली, ती कॉम्पॅक्ट एसयूव्ही.

आता माझ्याविषयी एवढंच सांगते की मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एखादी गोष्ट तशी का होते हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि कळल्यावर ती मी समजावून सांगायला लागले की इतरांना येते. त्यामुळे गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं म्हणण्यापेक्षा मी ते कोणाच्या हाती लागू दिलं नाही, हे जास्त खरं. गाडी घरात चालवतेही मीच. नवरा शेजारी बसून ब्रेक दाबतो. त्याच्या बाजूला ब्रेक नाही याचा त्याच्यावर आजवर काही परिणाम झालेला नाही.

बऱ्याच गाळणीनंतर दोन गाड्या उरल्या. दोघींची नावं लांबलचक, शेवटी दोन इंग्रजी अक्षरं आणि एक अधिकचिन्ह. जेवताना एवढं नाव घ्यायचं तर घास गार होतो. एकीच्या माहितीपत्रकावर पांढरी गाडी होती आणि दुसरीच्या निळी, म्हणून घरात त्यांची नावं पडली पांढरी आणि निळी.

नवरा विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. जगातली प्रत्येक गाडी त्याने पाहिली आहे, पण चेपलेली.

"पांढरी चांगली आहे," तो म्हणाला. "परवाच एक आली होती. झाडावरून उतरवली."

"झाडावर गेली कशी?"

"तेच आम्ही मालकाला विचारतोय."

"आणि निळी?"

"निळीचा हॉर्न फार छान. बाकी काही उरलं नव्हतं, पण हॉर्न वाजत होता."

मग वरच्या मजल्यावरचे कॅप्टन आले. ते कशाचे कॅप्टन होते हे विचारायची वेळ केव्हाच निघून गेली होती. आता विचारलं तर इतकी वर्षं विचारलं नाही याचंच वाईट वाटलं असतं. कॅप्टन खुर्ची ओढून म्हणाले, "वहिनी, फक्त टॉर्क बघा."

"बघितला. जवळजवळ सारखाच आहे."

"नाही, पण टॉर्क म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. सोप्या शब्दांत सांगतो." आणि त्यांनी आमच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण हातात घेतलं.

मी आयुष्यभर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, शिकवला आहे. टॉर्कवर नापास केलेली मुलं आज मोठ्या पदांवर आहेत. पण पाहुणा खुर्चीत बसून बोलायला लागला की घरच्या बाईने ऐकायचं असतं, म्हणून ऐकलं. त्यांनी सांगितला तो टॉर्क नव्हताच. नवरा मात्र मान डोलावत होता, आणि ते गेल्यावर म्हणाला, "आज पहिल्यांदा नीट समजलं." मी त्याच्याशी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोलले नाही.

गाडी वापरणाऱ्यांनाच विचारावं म्हणून मी कॉलेजात चौकशी केली. रसायनशास्त्राच्या बाईंकडे पांढरी, ग्रंथपालांकडे निळी. बाई म्हणाल्या, पांढरीला तोड नाही. ग्रंथपाल म्हणाले, निळीपुढे सगळं फिकं. मी खोदून खोदून दोष विचारले. बाईंनी बराच विचार करून सांगितलं, "एकच दोष आहे. माझ्या दिरांना बघवत नाही." ग्रंथपालांना तर दोष हा शब्दच आवडला नाही. गाडीबद्दल खरं काय ते तिची किंमत मोजलेला माणूस कधी सांगत नाही, हा नियम माझ्या ध्यानात आला. पण तो पाठ्यपुस्तकात घालण्यापलीकडे त्याचा मला उपयोग नव्हता.

तेव्हा आम्ही पांढरीच्या शोरूममध्ये गेलो. विक्रेता चुणचुणीत होता, पण त्याचं सगळं लक्ष नवऱ्यावर. "सर, इंजिन बघा. सर, गिअर बघा."

"गाडी मी चालवणार आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम, नक्की," असं म्हणून त्याने माझ्यासमोर सनशेड खाली केली. "हा बघा आरसा. आणि आरशाला दिवा."

मी आरशात पाहिलं. चेहरा लाल झाला होता. दिवा खरोखर चांगला होता.

टेस्ट ड्राइव्हला मी म्हटलं, मला चढण हवी. चढणीवर गाडी मागे सरकते का ते बघायचंय. विक्रेत्याने सपाट रस्त्याची शिफारस केली. मी हटले नाही. शेवटी तो आम्हाला एका मॉलच्या पार्किंगच्या चढणीवर घेऊन गेला. चढणीच्या टोकाला आडवा दांडा होता. यंत्रातून तिकीट घेतलं की दांडा वर जातो. यंत्राने तिकीट अर्धं बाहेर काढलं, जरा विचार केला आणि परत गिळलं. मागे गाड्यांची रांग लागली. सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, तिकीट हरवल्याचा अर्ज करा.

"तिकीट हरवलं नाही. यंत्रात आहे. ते बघा, टोक दिसतंय."

"म्हणजे तुमच्याकडे नाही ना? मग हरवलं. अर्ज गाडीच्या मालकानेच करायचा."

गाडीची मालक होती कंपनी. कंपनीतर्फे सही करायचा अधिकार विक्रेत्याला नव्हता. तो फोन करायला उतरला तो बराच वेळ आलाच नाही. मागून हॉर्न वाजत होते. नवरा ब्रेक दाबून बसला होता. मी मात्र, खरं सांगते, आनंदात होते, कारण इतका वेळ गाडी चढणीवर उभी होती आणि तसूभरही मागे सरकली नव्हती. इतका दीर्घ प्रयोग कुठलं शोरूम आपणहून करू देणार? शेवटी मागच्या सगळ्यांना मागे घेऊन आम्हाला उलटं उतरवण्यात आलं, त्यामुळे मागच्या कॅमेऱ्याचीही चाचणी झाली. मागच्या सर्व चालकांचे चेहरे अगदी स्पष्ट दिसत होते.

निळीचीही चढण घेतली, दुसरीकडे. तीही सरकली नाही. म्हणजे इथेही बरोबरी.

पण खरा प्रश्न सासूबाईंच्या बसण्याचा. त्यांना शोरूमला चला म्हटलं तर त्या म्हणाल्या, "कशात बसून येऊ?" मग मी असा विचार केला की ज्या खुर्चीतून त्या हात न टेकता उठतात तिची उंची मोजावी आणि तेवढ्याच उंचीची सीट शोधावी. त्या वर्तमानपत्र वाचत असताना मी खाली बसून टेपने खुर्ची मोजली.

"माझं माप कशाला घेतेस?" त्या कागदाआडून म्हणाल्या.

"तुमचं नाही, आई. खुर्चीचं."

"बरं आहे. खुर्चीला हवं ते घेऊन द्या."

आता अडचण अशी की सीट माणूस बसल्यावर दबते. किती दबते? ते माणसाच्या वजनावर. म्हणजे सासूबाईंच्या वजनाचं काहीतरी सीटवर ठेवून मोजायला हवं. नवरा ठेवून भागत नव्हतं. तो जास्त दबतो. प्रयोगशाळेत वाळूच्या लहान पिशव्या असतात. शिपाईमामांनी त्या वजन करून दिल्या. "कशाला हव्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सासूबाई म्हणून." पुढे त्यांनी काही विचारलं नाही, पण दिवसभर माझ्याशी फार अदबीने वागले.

निळीच्या शोरूममध्ये आम्ही पिशव्या पुढच्या सीटवर रचल्या. मी टेप लावला. इंजिन चालू होतं. गाडी टिंगटिंग वाजायला लागली, कारण शेजारी बसलेल्या वाळूने पट्टा लावला नव्हता. इथला विक्रेता भिडस्त होता. त्याने निमूटपणे वाळूला पट्टा लावला आणि खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, एसी पाहिजे का?" तो मला विचारत होता की वाळूला, हे मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात एक कुटुंब गाडी बघायला आलं. त्यातले काका बराच वेळ त्या पट्टा लावलेल्या पिशव्यांकडे बघत होते. मग विक्रेत्याला म्हणाले, "हे सगळ्या मॉडेलमध्ये येतं का, की फक्त वरच्या?"

पिशव्या काढताना एक उसवली. शोरूमच्या नव्याकोऱ्या गाडीत वाळू पडली, आणि मॅनेजर काचेच्या खोलीतून बाहेर आले. वाळू अशी गोष्ट आहे की पडते पसाभर आणि निघते पोतंभर. मी आणि नवरा गुडघ्यांवर बसून मिळेल त्याने झाडत होतो. ओळखीचं कोणी बघू नये अशी माझी मनोमन इच्छा होती. त्याच वेळी काचेपलीकडून कॅप्टन हात हलवत होते. ते कोणा मित्राबरोबर आले होते. दार ढकलून त्यांनी तिथूनच विचारलं, "वहिनी, टॉर्क बघितला का?"

पांढरीलाही पिशव्या बसवून पाहिल्या, टाके घालून. फरक निघाला करंगळीच्या जाडीएवढा.

इतक्या बरोबरीने माझी झोप उडाली. दोन वस्तूंत फरक असायलाच हवा, नाहीतर त्या दोन कशाला? दोन्ही शोरूममधून रोज फोन यायला लागले. मी एकदा पांढरीकडे झुकायची, एकदा निळीकडे. नवरा म्हणाला, नाणं उडवू. मी म्हटलं, नाणं उडवायचं असतं तर इतकी वाळू कशाला वाहिली?

अशात सासूबाईंच्या तपासणीचा दिवस आला. सर्जनला गुडघ्याचा फोटो काढायचा होता, आणि ते यंत्र काही घरी आणता येत नव्हतं. त्या जुन्या गाडीत बसायला तयार झाल्या, पण अशा चेहऱ्याने की मला वाटलं, याहून रागावल्या असत्या तर बरं. उशा लावून, पाय धरून कसंबसं बसवलं.

तपासणी छान झाली. सर्जन म्हणाले, "पळायला हरकत नाही." सासूबाई म्हणाल्या, "कुठे?"

त्यांना पोर्चमधल्या बाकावर बसवून, वॉकर शेजारी ठेवून आम्ही गाडी आणायला गेलो. पार्किंगचे पैसे घेणारं यंत्र बंद, खिडकीवरचा माणूस जागेवर नाही, असं करत करत गाडी घेऊन पोर्चमध्ये आलो तर वॉकर उभा होता आणि सासूबाई नव्हत्या.

मी आत धावले, स्वच्छतागृहात पाहिलं, औषधांच्या दुकानात पाहिलं. नवरा वॉकर हातात धरून उभाच. शेवटी दारावरच्या रक्षकाला विचारलं.

"त्या पांढऱ्या केसांच्या आजी? त्या गेल्या ना."

"कुठे?"

"गाडीत बसून. पांढरी गाडी होती. तुमचीच ना? मागे अँब्युलन्स हॉर्न देत होती, मीच त्यांना पटकन पुढे काढायला लावलं."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. "हे कुठल्याच पॉलिसीत बसत नाही," असं काहीतरी तो पुटपुटला. बिचाऱ्याला भीती वाटली की ऑफिसची भाषा येते. इतके दिवस पांढरी-निळी, करंगळीएवढा फरक, आणि इकडे माणूसच नाहीसं झालं. मला स्वतःची अशी शरम वाटली की सांगता सोय नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी बोलतेय," सासूबाईंचा आवाज. मेट्रनचा, कित्येक दिवसांत न ऐकलेला. "वॉकर तिथेच राहिलाय, घेऊन या. आणि पांढरीच घ्या." फोन बंद.

मी लगेच परत लावला. एक घाबरा पुरुषी आवाज म्हणाला, "मॅडम, त्या तुमच्या आई आहेत का? नाही, छान आहेत. त्या... सूचना देताहेत." मग त्याने पत्ता सांगितला.

पत्ता दोन चौक पलीकडचा होता. पहिल्या मजल्यावरचं दार एका तरुणाने उघडलं. त्याच्या एका हातात पातेलं, दुसऱ्यात लंगोट, आणि दोन्हींपैकी कशाचं काय करायचं हे विसरल्यासारखा चेहरा. आत त्याची बायको पलंगावर गाढ झोपली होती. सासूबाई ताठ पाठीच्या खुर्चीत बसलेल्या, मांडीवर नुकतंच जन्मलेलं बाळ.

"हळू," त्या आम्हाला म्हणाल्या. "आत्ता डोळा लागलाय. आईचा. बाळ जागंच आहे."

"आई, तुम्ही अनोळखी लोकांच्या गाडीत..."

"दार सताड उघडं होतं. हा मुलगा बायकोला आणायला आत गेलेला. महिनाभर घरात पांढरी, निळी, पांढरी, निळी. समोर पांढरी उभी. म्हटलं, एवढं आहे तरी काय तिच्यात, बसून तर बघू. बसले. तेवढ्यात ही दोघं आली. बाळ असं धरलेलं, जसं काही गरम पातेलं."

"मी म्हटलं, आजी, ही आमची गाडी आहे," तरुण म्हणाला.

"आणि मी म्हटलं, माहीत आहे, आधी बाळाचं डोकं धर. मग तो रक्षक ओरडायला लागला, हा घाबरून सुटला, आणि तिथला रस्ता असा एकेरी की एकदा बाहेर पडलं की परत आत यायला गावाला वळसा. मग मीच म्हटलं, घरी चल, तिथे बघू."

"आजी नसत्या तर आम्ही काय केलं असतं, कळत नाही," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लंगोटाने पुसलं.

माझी भीती गेली आणि तिच्या जागी लगेच प्रश्न आला. "पण आई, तुम्ही चढलात कशा? वॉकरशिवाय? कोणी धरलं?"

"कोण धरणार? चढले."

"म्हणजे नेमक्या कशा?"

त्यांनी बाळ नवऱ्याच्या हातात दिलं (त्याने ते क्लेमचा पुरावा धरावा तसं धरलं) आणि माझ्या खांद्याचा नुसता आधार घेऊन लिफ्टने खाली आल्या. त्या तरुणाच्या गाडीचं मागचं दार उघडलं. दार जवळजवळ काटकोनात उघडलं. सासूबाईंनी गाडीकडे पाठ केली, सीटवर टेकल्या, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले. गुडघा कुठे घासला नाही, डोकं कुठे लागलं नाही. उतरताना पुन्हा तसंच. तोंडावर असा भाव, की यात विचारण्यासारखं काय आहे?

मी तिथेच उभी राहिले. सासूबाई पुढे बसतच नाहीत. पुढे नवरा बसतो, ब्रेक दाबायला. मी इतके दिवस पुढची सीट मोजत होते. वाळू पुढे, पट्टा पुढे, करंगळी पुढे. मागच्या दाराकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

ही शरम पचायच्या आत मी सहज गाडीच्या पाठीमागे गेले, आणि तिथलं नाव वाचलं.

"आई, ही पांढरी नाही. निळी आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ही पांढरी आहे."

"रंगाने पांढरी आहे. पण ही निळी."

"कुठून निळी?"

"म्हणजे आपण जिला निळी म्हणतो ना, ती या रंगातही मिळते."

"मग तिला निळी का म्हणता?"

गॅलरीतून तरुण हळूच म्हणाला, "आजी, आम्ही तर हिला पिंकी म्हणतो."

प्रयोग एकदा करून भागत नाही. दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. मी भीतभीत म्हटलं, "आई, पांढरीचं म्हणजे खऱ्या पांढरीचं मागचं दारही एकदा बघाल का? शोरूममध्ये?"

त्या म्हणाल्या, "चला." आणि जुन्या गाडीत बसल्या. पाठ करून, टेकून, पाय आत घेऊन. खड्ड्यातच उतरल्या, पण स्वतः उतरल्या. वॉकर नवऱ्याच्या मांडीवर.

पांढरीच्या शोरूममध्ये तोच विक्रेता "सर, सर" करत पुढे आला. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. तो "मॅडम" म्हणायला लागला, नवऱ्यालासुद्धा. पांढरीचं मागचं दार अर्ध्यातच अडतं. सासूबाई टेकल्या, पाय आत घ्यायला गेल्या आणि गुडघा दाराला लागला. एवढंच. महिनाभराचं कोडं एका ठक आवाजात सुटलं.

तर निळी घ्यायची, पांढऱ्या रंगात, असं ठरलं. पण शोरूमच्या भिडस्त विक्रेत्याशी पुढे मी जितक्या वेळा फोनवर बोलले तितक्या वेळा तोंडातून गेलं, "आमची निळी कधी येणार?", "आमच्या निळीचे कागद झाले का?" त्याने एकदा विचारलं, "निळीच ना मॅडम? नक्की?" मी म्हटलं, "निळीच. इतकं मोजून ठरवलंय." त्याला मी आणलेली वाळू आठवली असणार. त्याने वाद घातला नाही. गाडी आली ती लखलखीत निळी.

मी संतापले. कागद उलटेपालटे केले. विक्रेता रडकुंडीला आला; बदलून देतो, पण महिना-दीड महिना लागेल, म्हणाला. सासूबाई बाजूला उभ्या राहून गाडी न्याहाळत होत्या.

"आता ही नक्की निळी ना?" त्यांनी विचारलं.

"हो आई. सगळ्या बाजूंनी."

"मग राहू दे. एकदाचा घोळ मिटला."

आणि मागचं दार उघडून, पाठ करून, त्या बसल्याही. दार स्वतः ओढून घेतलं. मी चाक हातात घेतलं, नवरा पुढे बसला. घरी जायचं म्हणून मी डावीकडे वळणार तोच मागून आवाज आला, "इकडे कुठे? घर पाहिलेलं आहे."

मग सरळ गेले. काचेला नाक लावून त्या बघत होत्या. हे दुकान कधी झालं, ते झाड कुणी तोडलं, तो माणूस चप्पल घासत का चालतो. मी जमेल तशी उत्तरं देत होते. बऱ्याचशा गोष्टी मीही पहिल्यांदाच बघत होते. रोजचा रस्ता, पण इतके दिवस मी पुढच्या गाडीचा मॉडेल क्रमांक वाचण्यातच गुंतले होते. नदीपाशी आलो तर समोर एक नवा पूल उभा होता. कामाचे पत्रे निघालेले, रंग ओला वाटावा इतका ताजा. आमच्यापैकी कोणालाच त्याची खबर नव्हती.

"हा कुठे जातो?" सासूबाईंनी विचारलं.

"काय की, आई. मला माहीत नाही."

नवऱ्याचा पाय ब्रेकच्या जागी गेलाच होता. मागून सासूबाई पुढे झुकल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू पाय वर घे," त्या म्हणाल्या. "आणि तू चढव गं. कळेल."